खाडीत लाखभर फ्लेमिंगो, मग कोल्हे इतके कमी का?

वेंधळी (ऐरोली)
नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत आहे. विज्ञानात ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ हा धडा आहे आणि शाळेने प्रकल्प दिलाय: घराजवळची एखादी परिसंस्था निवडा आणि तिचा ऊर्जेचा मनोरा काढा. सगळी मुलं गवत-टोळ-बेडूक-साप-घार काढणार. आमच्या बाईसाहेबांनी ठाणे खाडी निवडली. तिथून माझी झोप उडाली आहे.

मनोरा म्हणजे खाली उत्पादक (वनस्पती), त्यावर प्राथमिक भक्षक (वनस्पती खाणारे), मग द्वितीय, मग सर्वोच्च. प्रत्येक पायरीवर वर जाते ती फक्त १० टक्के ऊर्जा. इथवर पाठ आहे. पण ती विचारते की फ्लेमिंगो हा एवढा मोठा पक्षी, तो वरच्या पायरीवर असणार, मग वर थोडे प्राणी असायला हवेत ना? ते तर लाखाने येतात. आणि सेक्टरच्या मागे रात्री ओरडणारे कोल्हे मात्र क्वचित दिसतात, असं का? शिवाय उरलेले ९० टक्के जातात कुठे? ‘उष्णता’ हे उत्तर तिला पटत नाही. म्हणते, खेकडा तर थंडगार लागतो हाताला.

मी कॉमर्सवाली. जाणकारांनी मदत करावी.

पोपटपंची
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा शाकाहार-मांसाहारावर जायला किती प्रतिसाद लागतात ते बघू.

मास्तरीणबाई (नौपाडा)
वेंधळीताई, लेकीला शाबासकी द्या. खेकड्याचा प्रश्न तर फारच आवडला. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आधी ९० टक्क्यांचं बघू. ‘१० टक्के ऊर्जा मिळते’ असं आपण सरसकट म्हणतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. खेकड्याला फक्त १० टक्के मिळतात असं नाही. पुढच्याला देण्यासाठी त्याच्या अंगावर १० टक्क्यांच्या आसपास उरतात.

समजा खेकड्याने तिवराचा (खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडाचा) कुजका पाला खाल्ला आणि त्यात १०० एकक ऊर्जा होती. आकडे समजण्यापुरते घेते आहे. त्यातले ६० पचलेच नाहीत, विष्ठेतून बाहेर पडले. ४० रक्तात गेले. त्या ४० मधले ३० चिखल उपसायला, बीळ राखायला, नांग्या उगारून भांडायला, श्वास घ्यायला आणि शरीराची रोजची डागडुजी करायला खर्च झाले. १० उरले, त्यातून तो वाढला, कात टाकली, मादी असेल तर अंडी घातली. बगळा खेकडा खातो तेव्हा त्याला हे शेवटचे १० च मिळू शकतात. तेही सगळे नाहीत, कारण सगळेच खेकडे काही बगळ्याच्या तावडीत सापडत नाहीत.

आता ‘थंडगार खेकडा’. पेशीत अन्न जाळलं की काही ऊर्जा कामाला येते आणि उरलेली लगेच उष्णता होते. कामाला आलेलीसुद्धा अखेर उष्णताच होते. खेकड्याचा देह लहान, जळण हळू, आणि तो पाण्या-चिखलात. ती उष्णता तिथल्या तिथे पसरते, साठत नाही, म्हणून आपल्या हाताला लागत नाही. तापमान वेगळं आणि उष्णतेचं प्रमाण वेगळं, हे तिला फिजिक्सच्या धड्यात सापडेल.

ही पसरलेली उष्णता परत कुणालाही खाता येत नाही. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस फिरून झाडात परत जातात. ऊर्जा जात नाही. म्हणून रोज नवीन ऊन लागतं.

निवांत_नेरुळकर
माझा विषय निघाला! गेली बरीच वर्षं हिवाळ्यातले रविवार खाडीवर घालवतो, त्यामुळे फ्लेमिंगोंबद्दल थोडं बोलतो.

लेकीला सांगा, पक्षी मोठा म्हणून वरच्या पायरीवर, हा समज सोड. आपल्याकडे दोन जाती येतात. संख्येने खूप जास्त तो लेसर फ्लेमिंगो, गडद चोचीचा, गुलाबी. तो खातो सूक्ष्म शैवाल: नीलहरित शैवाल आणि डायटम. म्हणजे तो सरळसरळ प्राथमिक भक्षक. गाय जिथे बसते तिथेच बसतो. दुसरा ग्रेटर फ्लेमिंगो, उंच, पांढरट, फिक्या गुलाबी चोचीच्या टोकाला काळा. तो चिखल ढवळून बारीक कवचधारी, कृमी, शिंपले काढतो, अधूनमधून शैवालही गिळतो. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मध्येच कुठेतरी ठेवावं लागेल. तिने लेसर निवडावा, हिशेब स्वच्छ होईल.

चोच उलटी करून डोकं पाण्यात घालतात ते तुम्ही पाहिलंच असेल. जीभ आत-बाहेर पंपासारखी चालते, पाणी आत येतं, चोचीच्या कडांच्या बारीक पट्ट्यांत शैवाल अडकतं आणि पाणी बाहेर जातं. लेसरची जाळी फारच बारीक, ग्रेटरची जाड. म्हणून एकाच चिखलात दोघं उभे राहतात आणि फारशी मारामारी होत नाही. गुलाबी रंगही अन्नातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचाच.

तर लाखभर पक्षी का परवडतात? कारण ते शैवालाच्या लगेच वरच्या पायरीवरून जेवतात. मधला दलाल नाही. तेच शैवाल आधी कोळंबीने खाल्लं असतं, ती एखाद्या माशाने, आणि मग तो पक्ष्याने, तर तेवढ्याच खाडीवर हजारभर तरी पोसले गेले असते का शंकाच आहे.

आणि ही ऊर्जा इथे राहत नाही बरं. पावसाळ्याच्या तोंडावर हे सगळे चरबी साठवून गुजरातकडे निघतात, कच्छच्या रणात अंडी घालतात. ठाणे खाडीतल्या उन्हावर कच्छमधली पिल्लं निघतात म्हणा ना. मनोऱ्यात हे दाखवायला जागा नाही, पण तिने बाजूला एक बाण काढावा. परीक्षक खूश होतील.

पोपटपंची
‘मधला दलाल नाही’. वाशी मार्केटला हे कुणीतरी कळवा.

शंकासुर
मी इंजिनिअर, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. ढोबळ आहे, हलके घ्या.

छतावर सोलर बसवताना सांगतात तसं आपल्या भागात रोज चौरस मीटरला साधारण ५ युनिट ऊन पडतं. म्हणजे ४,३०० किलोकॅलरी. झाडं त्यातली १ टक्का पकडतात असं धरू: ४३. निम्मी झाडाच्या स्वतःच्या श्वसनात: उरले २१. खेकडे-किड्यांच्या अंगावर दहावा हिस्सा: २. कोल्ह्याच्या पदरात पुन्हा दहावा: ०.२. आठ-दहा किलोच्या कोल्ह्याला रोज हजारेक किलोकॅलरी लागतील. म्हणजे एका कोल्ह्याला ५,००० चौरस मीटर, अर्धा हेक्टर.

फ्लेमिंगो अभयारण्यात कांदळवन (तिवरांचं जंगल) ८९६ हेक्टर आहे (एकूण १,६९० च्या आसपास, बाकी पाणी आणि चिखल). म्हणजे १,८०० कोल्हे बसायला हवेत. कुठे आहेत ते? एकतर १० टक्क्यांचा नियम चुकीचा, नाहीतर माझं गणित. माझं गणित सहसा चुकत नाही.

मास्तरीणबाई
गणित बरोबर आहे, पण तुमच्या हिशेबात कोल्हा एकटाच पंगतीला बसलाय. शेजारच्या पानांवर कोण कोण आहे बघा. बगळे, ढोकरी, खंड्या, घारी, पाणसाप, मोठे मासे, रानमांजर, आणि सगळ्यात मोठा वाटा नेणारा माणूस. ते दोन किलोकॅलरीचे खेकडे सगळ्यांत वाटले जातात. भरती-ओहोटी तर दिवसातून दोनदा ताट उचलून समुद्राकडे नेते.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: कांदळवनाचा पाला हिरवा असताना फार कमी खाल्ला जातो. फ्लोरिडातल्या कांदळवनावर १९७० च्या सुमारास झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे, तिथे किड्यांनी झाडावरच खाल्लेला पाला ५ टक्क्यांच्या घरात निघाला. बाकी गळतो. काही चिखलात गाडला जाऊन वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून तर कार्बन साठवण्यासाठी कांदळवनांचं एवढं कौतुक होतं. गाडलेला पाला कुणाच्याच पोटात जात नाही.

तिसरं, कोल्हा सस्तन प्राणी. पक्षी आणि सस्तन प्राणी अंग गरम ठेवण्यात प्रचंड खर्च करतात. पचवलेल्या ऊर्जेतली पक्ष्यांच्या अंगावर १ ते २ टक्के, सस्तन प्राण्यांत साधारण ३ टक्क्यांपर्यंत उरते. माशांत १० टक्क्यांच्या आसपास. एकटे राहणारे बरेच कीटक तर ४० टक्क्यांपर्यंत अंगावर ठेवतात. म्हणून निवटी (चिखलावर राहणारा छोटा मासा) दिवसभर उन्हात चिखलावर पसरून राहू शकते आणि चिचुंद्री दर थोड्या वेळाने खात असते.

तेव्हा तुमचे १,८०० हे कागदावरचे कोल्हे. त्याला अंगाखाली कोरडी जमीनही लागते, पिल्लांसाठी बीळ लागतं. ऊर्जा फक्त वरची मर्यादा सांगते. प्रत्यक्षात किती असतील ते इतर पन्नास गोष्टी ठरवतात.

खाडीकर (कोळीवाडा)
मास्तरीणबाई पाल्याबद्दल बोलल्या म्हणून लिहितो. नाहीतर अशा धाग्यांवर मी नुसता वाचत असतो.

आमच्याकडे आजोबा, वडील दोघंही खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकायचे. मी नोकरी करतो, पण सुट्टीला जातो. पुस्तकातला मनोरा गवतापासून सुरू होतो. खाडीचा खरा मनोरा कुजण्यापासून सुरू होतो, हे आमच्या घरात कुणी न शिकलेल्या माणसालाही माहीत आहे. तिवराचं पान गळून पडलं की चार-सहा दिवस कडक राहतं. मग काळं पडतं, बुळबुळीत होतं. तसं झालं की छोटे खेकडे ते ओढून बिळात नेतात. ताज्या पानाला फारसं कुणी विचारत नाही. त्या बुळबुळीत थरात जे जंतू आणि बुरशी असते तेच खरं खाणं आहे असं आमच्याकडे मत्स्य विभागाच्या शिबिरात एक सर सांगत होते, आणि ते पटण्यासारखं आहे.

मग त्या कुजक्यावर कोळंबीची पिल्लं, चिंबोरीची (मोठ्या खेकड्याची) पिल्लं, बोय मासा. बोय तर चिखलच चाटते. तिचं पोट फाडलं तर आत चिखल निघतो, म्हणून साफ करताना नीट बघावं लागतं. बोय आणि कोळंबी खायला जिताडा हा मोठा मासा आत येतो. जिताड्यावर आम्ही.

तिवरं तुटली की जिताडा कमी झाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. जिताडा काही तिवर खात नाही. पण त्याचं जेवण त्या मुळांत वाढतं. प्रकल्पात हे जरूर घालायला सांगा, कारण झाड तोडणाऱ्याला वाटतं की फक्त झाड गेलं.

जाता जाता, निवटीला मनोऱ्यात कुठे ठेवायचं विचाराल तर सगळ्या निवट्या सारख्या नसतात. काही चिखलावरचं शेवाळ खरवडतात, काही बारीक खेकडे-किडे पकडतात. ठेवायचंच तर आमच्या तव्यात ठेवा. हलके घ्या.

पोळीभाजी
खाडीकर दादा, प्रतिसाद खूपच आवडला. वाचनखूण साठवली.

शंकासुर
खाडीकर, एक थिअरी सुचली. बोय स्वस्त, जिताडा महाग. वरच्या पायरीवर मासा दुर्मीळ, म्हणून महाग. मासळी बाजारातला भाव म्हणजेच ऊर्जेचा मनोरा, उलटा धरलेला.

खाडीकर
मग चिंबोरी का महाग? ती तर कुजकं-मेलेलं सगळं खाते. आणि भरल्या चिंबोरीचा भाव अमावास्या-पौर्णिमेने हलतो. भाव चवीवर आणि वाटेकऱ्यांवर ठरतो हो. थिअरी इंजिनिअरिंग कॉलेजात चालेल, आमच्या बाजारात नाही.

वेंधळी
सगळ्यांचे खूप आभार. लेक माझ्या शेजारी बसून वाचते आहे. तिचा पुढचा प्रश्न: १० टक्के हा आकडा नेमका कुणी मोजला? आणि दुसरं, खाडीत लेसर फ्लेमिंगो डोळ्यांना लाखभर दिसतात, शैवाल मात्र नुसता हिरवट थर. मनोऱ्यात उत्पादक सगळ्यात जास्त हवेत ना?

मास्तरीणबाई
पहिल्याचं उत्तर देते. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मनोऱ्याची कल्पना मांडली, पण ती प्राण्यांच्या संख्येची होती: खाली पुष्कळ, वर थोडे. ऊर्जेच्या भाषेत तो हिशेब मांडला रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने. मिनेसोटातल्या सेडार बॉग लेक नावाच्या दलदलीच्या तळ्यात त्याने काही वर्षं सगळं मोजून काढलं. त्याचा लेख परीक्षकांनी आधी नाकारला होता. त्यात मोजमापापेक्षा तर्क फार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९४२ मध्ये छापून आला, तोपर्यंत लिंडमन आजारपणात गेला होता. तिशीही गाठली नव्हती.

आता गंमत बघा. ज्याच्या नावाने आपण १० टक्के पाठ करतो त्याच्या त्या तळ्यात शाकाहारी पातळीची कार्यक्षमता १३.३ टक्के निघाली आणि मांसाहारी पातळीची २२.३. दहा कुठेच नाही! पुढे हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा वर्षभराचा हिशेब १९५७ मध्ये मांडला. चौरस मीटरला वर्षाला वनस्पतींनी पकडले २०,८१० किलोकॅलरी, शाकाहारींकडे आले ३,३६८, मांसाहारींकडे ३८३ आणि सर्वोच्च भक्षकांकडे २१. टक्क्यांत साधारण १६, ११ आणि साडेपाच.

तेव्हा १० टक्के ही लक्षात ठेवायला सोपी सरासरी आहे. परीक्षेत दहाच लिहावं, प्रकल्पात मात्र हे आकडे द्यावेत. ओडमचे २०,८१० कुठे आणि २१ कुठे, हजारातला एक. पाचवी पायरी का नसते ते वेगळं सांगावं लागत नाही.

निवांत_नेरुळकर
दुसऱ्या प्रश्नावर माझा प्रयत्न. एका क्षणी किती आहे आणि वर्षभरात किती तयार झालं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. डायटम एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. फ्लेमिंगो वर्षाला एक अंडं घालतो, तेही घातलं तर. शैवाल तयार होतं तसं खाल्लं जातं, म्हणून साठा नेहमी थोडाच दिसतो.

समुद्रात हे नेहमीचंच आहे. इंग्लिश खाडीतलं पुस्तकी उदाहरण आहे: चौरस मीटरला वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) ४ ग्रॅम आणि ते खाणारे प्राणी-प्लवक २१ ग्रॅम. वजनाचा मनोरा चक्क उलटा. पण ऊर्जेचा मनोरा, वर्षभराचा धरला तर, कधीच उलटा होत नाही. झाला तर तो प्राणी बाहेरून कुठूनतरी खातोय असं समजायचं.

अवांतर: आपल्या खाडीत शैवाल एवढं का माजतं, तर सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेही एक कारण आहे. शहराच्या न्हाणीघरातलं खत फ्लेमिंगोच्या ताटात. लोक यावर खूश होतात, मला होता येत नाही. कारण हेच प्रमाणाबाहेर गेलं की शैवाल मरून कुजतं, प्राणवायू संपतो आणि तळाचे प्राणी गुदमरतात. शिवाय भरतीचं पाणी अडलं की पाणथळ सुकते, मग खत कितीही असो. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं, तरी नेरुळ-सीवूडच्या बाजूची तळी, जिथे हेच पक्षी भरतीच्या वेळी विसाव्याला येतात, ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्याला हद्द कळत नाही.

येऊरचा_वारा
‘बाहेरून खातोय’ यावरून आठवलं. खाडीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या येऊरमध्ये (राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग) हेच चालू आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर. चोहोबाजूंनी इमारती. एवढ्या जागेत बिबट्यांची दाटी जगातल्या सर्वांत जास्त दाटींमध्ये मोजली जाते. शंकासुरांच्या गणिताने हे बसत नाही.

बसतं ते कचऱ्यामुळे. २०१५ च्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा निम्म्याहून जास्त भाग चितळासारख्या जंगली प्राण्यांचा होता, पण वजनाने जवळजवळ पाव हिस्सा कुत्र्यांचा निघाला. कुत्री कशावर? आपल्या उष्ट्यावर. उष्टं कुठून? पंजाबच्या गव्हावर आणि कोकणच्या तांदळावर पडलेल्या उन्हातून. तिथली ऊर्जा ट्रकने ठाण्यात येते, कचराकुंडीतून कुत्र्यात, कुत्र्यातून बिबट्यात. उद्यानाचा मनोरा काढायचा तर तळाचा अर्धा थर उद्यानाबाहेर काढावा लागेल.

खाडीचे कोल्हेही वस्तीच्या कडेला उष्टं-खरकटं खाताना लोकांनी पाहिलेत. लेकीला सांगा, तोही एक बाण.

पोपटपंची
वेंधळीताई, कार्डशीट मोठी घ्या. बाण वाढत चाललेत.

पोळीभाजी
मग साधी गोष्ट आहे ना. खालच्या पायरीवर जेवलं तर तेवढ्याच जमिनीत जास्त लोक जेवतात. फ्लेमिंगोला कळलं, माणसाला कळत नाही.

पोपटपंची
आला! धागा वळला. पॉपकॉर्न संपत आले होते, बरं झालं.

शंकासुर
एक मिनिट. ब्रॉयलर कोंबडी जिवंत वजनाला एक किलो वाढायला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य खाते. म्हणजे ५५-६० टक्के वसुली. दहा कुठे गेले?

मास्तरीणबाई
प्रश्न खोडकर आहे पण चांगला आहे. तुम्ही किलोंची तुलना केलीत, ऊर्जेची नाही. खाद्य कोरडं असतं, कोंबडीचं अंग बरचसं पाणी. ऊर्जेत मोजलं की वसुली खूप उतरते, आणि पिसं, हाडं, आतडी काढली की आणखी. तरीही दहाच्या वर राहते, हे खरं. कारण ब्रॉयलरला पाच-सहा आठवड्यांतच कापतात, वाढीचा वेग सर्वांत जास्त असताना. ती अन्न शोधत फिरत नाही, शत्रूपासून पळत नाही, पिल्लं वाढवत नाही, ऊब बाहेरून दिलेली असते. खर्चाच्या बाजू माणसाने कापल्या आणि ते पैसे वीजबिलात गेले. रानकोंबडीला हे जमणार नाही.

पोळीभाजी, तुमचा मुद्दा ऊर्जेपुरता बरोबर आहे, पण त्याला कंगोरे आहेत. शेळी ज्या कातळावर चरते तिथे गहू येत नाही. खाडीकर ज्या चिखलातून कोळंबी काढतात तिथे तूरडाळ पिकत नाही. माणसाला न पचणारं कुजकं पान कोळंबीच्या वाटेने ताटात येतं, तेव्हा पायरी वाढली तरी तोटा होतोच असं नाही. खाण्याजोगं धान्य जनावराला घातलं की मात्र तोटा होतो.

जाता जाता, २०१३ च्या एका जागतिक अभ्यासात माणसाची सरासरी पोषण पातळी २.२१ निघाली. वनस्पती १, निव्वळ शाकाहारी २. आपण सर्वोच्च भक्षक म्हणून मिरवतो, पण अँकोव्ही नावाच्या छोट्या माशाच्या आणि डुकराच्या पंगतीला बसतो.

धागापाल
कोण काय खातो यावर वैयक्तिक शेरे असलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.

येऊरचा_वारा
वरच्या पायरीवर बसण्याचा आणखी एक तोटा कुणी लिहिला नाही. ऊर्जा दर पायरीला गळते, पण विष गळत नाही. गिधाडं तशीच संपली ना, गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक औषधाने?

मास्तरीणबाई
गिधाडांचं प्रकरण वेगळं. औषध दिलेल्या गुराचं मढं एकदा खाल्लं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाड मरत होतं. ती थेट विषबाधा. पायरीपायरीने साठण्याची वेळच येत नव्हती. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली.

साठण्याचं उदाहरण हवं तर डीडीटी. अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या खाडीतले १९६७ चे आकडे आपल्या पाठ्यपुस्तकांतही वापरतात: प्राणी-प्लवकात दशलक्ष भागांत ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५. किंवा जपानचं मिनामाता, १९५६ मध्ये उघडकीला आलेलं पाऱ्याचं प्रकरण. कारण मघाशी खेकड्याचं सांगितलं तेच. खाल्लेल्यातला बहुतेक भाग जळतो, पण डीडीटी किंवा मिथिल पारा जळत नाही, सहज बाहेरही पडत नाही. एक किलो मोठा मासा बनायला दहा किलो लहान मासे लागले, तर दहा किलोंतला पारा बराचसा त्या एका किलोत. ऊर्जेचा मनोरा वर निमुळता होतो, म्हणूनच विष दाट होतं. दोन्ही एकाच आकृतीत दाखवता येतील.

वेंधळी
शेवटचा प्रश्न, हा तिचा हट्ट आहे. मनोऱ्यात विघटक (कुजवणारे जिवाणू-बुरशी) कुठे काढायचे? पुस्तकात ते बाजूला उभे केलेत. पण खाडीकर दादांच्या म्हणण्याप्रमाणे तर ते तळाशी हवेत. आणि ऐरोली पुलावरून जाताना ओहोटीला तो सडका वास येतो, तो विघटकांचाच का?

खाडीकर
तळाशी काढा. माझं मत.

मास्तरीणबाई
मी दोन मनोरे शेजारी शेजारी काढायला सांगेन. एक शैवालापासून: शैवाल, लेसर फ्लेमिंगो, आणि वर फारसं काही नाही, कारण धडधाकट फ्लेमिंगोला इथे खाणारं जवळपास कुणी नाही. आजारी किंवा जखमी पक्ष्यावर कोल्हा, कुत्रा, एखादा शिकारी पक्षी, बस. दुसरा गळलेल्या पानापासून: पान, जिवाणू-बुरशी, खेकडे-कोळंबी-बोय, जिताडा-बगळे-कोल्हा. पहिल्याच्या प्रत्येक पायरीवरून दुसऱ्याच्या तळाकडे बाण, कारण फ्लेमिंगोची विष्ठा आणि मढं तिथेच जातं. कोल्हे कमी का, याचं उत्तरही चित्रातच दिसेल. लाखभर फ्लेमिंगो एका आखूड मनोऱ्यावर आहेत आणि कोल्हा दुसऱ्या, लांब मनोऱ्याच्या टोकाला.

वासाचं म्हणाल तर हो. चिखलात बोटभर खाली प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू पान कुजवताना प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच सडक्या अंड्याचा वास, चिखल काळा दिसतो तोही त्याच्याच लोहाशी झालेल्या संयुगामुळे. पण या जिवाणूंना पानातली सगळी ऊर्जा काढता येत नाही, बरीचशी त्या वायूत शिल्लक राहते. चिखलाच्या वरच्या थरात दुसरे जिवाणू टपलेले असतात. ते हायड्रोजन सल्फाइडचा प्राणवायूशी संयोग करून त्यावर जगतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ खोल समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, तिथे उजेड पोचत नाही, तरी याच युक्तीवर अख्खी वसाहत उभी आहे. आपल्याकडे तेच जिवाणूंचं काम, फक्त सुरुवात तिवराच्या पानापासून.

निवांत_नेरुळकर
म्हणजे पुलावर नाक दाबतो तेव्हा आपण वापरायची राहिलेली ऊर्जा हुंगत असतो.

मास्तरीणबाई
अगदी. प्रकल्पात हे वाक्य नको, बाईंना वाटेल आईने लिहिलं.

वेंधळी
आईने नाही, ‘निवांत’ काकांनी लिहिलंय असं ती तळटीप देणार म्हणते. कार्डशीट दोन आणल्या आहेत. रविवारी ओहोटीला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे बघायला जाणार आहोत, कुणाला यायचं असल्यास मला निरोप करा.